शिबिरात हिरड्याही तपासूया
हिरड्यांच्या आजारांवरील निरंतर दंतशिक्षणाच्या वर्गाला मी यंदा पुन्हा बसलो, कारण स्वयंसेवी शिबिरांत किडलेला दात आपण चटकन टिपतो, पण फारशी वेदना न होता दाताभोवतीचे हाड झिजवणारा पेरिओडोन्टायटिस हा हिरड्यांचा आजार नजरेतून सुटतो, ही गोष्ट मला अस्वस्थ करत होती. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वर्गीकरणात या आजाराचे ४ टप्पे (तीव्रतेनुसार) व ३ श्रेणी (वाढीच्या वेगानुसार) आहेत, आणि श्रेणी ठरवताना धूम्रपान व मधुमेहही विचारात घेतले जातात. शिबिरात क्ष-किरण यंत्र नसले तरी प्रोब, म्हणजे दात व हिरडी यांमधील खोली मोजणारी बारीक सळई, नेता येतो. ४ मिलिमीटर किंवा त्याहून खोल पॉकेट (दात व हिरडी यांमधील फट) आणि रक्तस्राव आढळल्यावर केवळ दात साफ करून रुग्णाला निरोप देणे मला अपुरे, खरे तर अन्यायाचे वाटते. त्याच्या पुढील उपचारांची सोय शिबिराआधीच व्हायला हवी.