टवका

खऱ्या चिनी मातीच्या बशीचा टवका उडाला तर आतही पांढरंच निघतं. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावच्या जुन्या निळ्या बशीचा उडाला, की आतली पिवळट, मऊ माती उघडी पडते. पांढरेपणा सगळा वरच्या कातडीचा.

१६०२ आणि १६०३ साली डचांनी दोन पोर्तुगीज जहाजं पकडली, त्यांतल्या चिनी भांड्यांचे लिलाव झाले आणि निळ्या-पांढऱ्याचं वेड लागलं. १६४४ला मिंग राजवट कोसळली, चीनमधून माल येईनासा झाला. डेल्फ्टमध्ये तेव्हा बिअरचा धंदा बसत चालला होता; रिकाम्या पडलेल्या बिअरच्या कारखान्यांत कुंभारांनी भट्ट्या लावल्या, आणि काहींनी जुनी नावंही तशीच ठेवली. आपल्या मालाला ते बेधडक 'पोर्सिलिन', म्हणजे चिनी माती, म्हणत. खऱ्या पोर्सिलिनचं गुपित मात्र युरोपला अठराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत उमगलेलं नव्हतं.

मग सोंग वठवायचं कसं? माती एका जागची चालत नसे. स्थानिक मातीत बाहेरून आणलेली, चुना जास्त असलेली माती मिसळत. हा चुना महत्त्वाचा. तो कमी पडला, तर भट्टी निवताना माती आणि झिलई, म्हणजे वरचा काचेसारखा थर, सारख्या प्रमाणात आक्रसत नाहीत आणि झिलईवर केसासारखे तडे जातात. भांडं आधी सुमारे हजार अंशांवर भाजायचं. मग शिसं, कथील आणि वाळूच्या झिलईत बुडवून काढायचं. कथलामुळे ती पारदर्शक न राहता दुधासारखी होते. भाजलेली माती पाणी लगेच शोषून घेते आणि वर कोरड्या पिठासारखा थर उरतो. तेलकट बोट लागलं, तर तेवढ्या जागी झिलई मागे सरकते.

चित्र काढायचं ते या पिठावर. म्हणजे टीपकागदावर शाईने लिहिण्यासारखं: कुंचला टेकला की रंग आत गेला, खोडायची सोय नाही, आणि रेंगाळलात तर डाग. म्हणून नक्षीच्या कागदाला टाचणीने भोकं पाडून त्यावरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटत. भरतकामाची नक्षी कापडावर उतरवणाऱ्याला हे सांगायला नको. कोळसा भट्टीत जळून जातो. आधी गडद बाह्यरेषा, मग आतलं पातळ भरण. कोबाल्टचा रंग लावताना काळपट दिसतो, निळा होतो तो भाजल्यावरच. त्यामुळे छटांचा अंदाज डोळ्याने नव्हे, रंगातल्या पाण्याच्या मापाने करायचा. हात जड पडला तर रंग काळवंडतो किंवा ओघळतो. शेवटी वरून शिशाची पारदर्शक झिलई शिंपडत. चिनी मालाची ओली चमक येते ती तिच्यामुळे. बशा भट्टीत एकमेकींना चिकटू नयेत म्हणून प्रत्येक बशी मातीच्या तीन खुंट्यांवर ठेवत. किनारीच्या पाठीमागे ते तीन टोचे अजून सापडतात.

टवके मात्र उडतातच. कडेवर झिलई सर्वांत पातळ बसते आणि खालची माती मऊ.

टाइल्सचं गणित वेगळं. सुमारे १३ सेंटिमीटरच्या चौकोनी टाइल्स डेल्फ्टपेक्षा रॉटरडॅम आणि हार्लिंगेनसारख्या गावांत जास्त बनल्या. माती लाटून, वर लाकडी फळी ठेवून कडा कापायच्या. फळी सरकू नये म्हणून तिच्या कोपऱ्यांत खिळे. त्या खिळ्यांची बारीक भोकं टाइलच्या कोपऱ्यांत राहतात. डच चित्रकार व्हर्मीरच्या दूध ओतणाऱ्या बाईच्या चित्रात भिंतीच्या तळाशी अशाच टाइल्सची रांग आहे, जिथे फडकं आणि बादली लागते नेमकी तिथे.

अशा डच टाइल्स उदयपूरच्या राजवाड्यातही पोहोचल्या. तिथल्या एका दालनात चिनी टाइल्ससोबत डच टाइल्स बसवलेल्या आहेत. दालनाचं नाव 'चिनी चित्रशाला'.