काट्यावरची ३९ मिनिटं

गळीत हंगामातली जानेवारीची रात्र. साडेअकराला फोन आला, "साहेब, रिकाम्या काट्याची स्लिप निघंना." साखर कारखान्याचा संगणक विभाग माझ्याकडे आहे. हंगामात काटा अडला की सगळंच अडतं, म्हणून तसाच कॉलनीतून निघालो.

ऊस भरून आलेली गाडी आधी भरल्या काट्यावर चढते, गव्हाणीवर, म्हणजे ऊस गाळपाला टाकतात तिथं, खाली होते, मग रिकाम्या काट्यावर येते. दोन वजनांतला फरक तो शेतकऱ्याचा ऊस. रिकामं वजन भरल्या वजनाच्या नंतरचंच आहे ना, एवढं आमचं सॉफ्टवेअर वेळेवरून तपासतं. पडद्यावर लाल अक्षरांत तीच तक्रार होती. आत गेलेली गाडी आत जायच्या आधीच बाहेर आली होती!

खिशातला मोबाइल काढून दोन्ही संगणकांशेजारी धरला. भरल्या काट्याचा २६ मिनिटं पुढे, रिकाम्या काट्याचा १३ मिनिटं मागे. दोन्हींच्या मदरबोर्डवरची बटणासारखी बॅटरी संपलेली. लाइट गेली की घड्याळ भलत्याच सालात जायचं आणि ऑपरेटर भिंतीवरचं नाहीतर हातातलं घड्याळ बघून वेळ लावायचा. नोंदीवर वेळ पडायची ती त्या त्या संगणकाची. एरवी गाडी यार्डात पाच-सहा तास उभी असते, त्यात ही ३९ मिनिटं खपून जात होती. त्या आठवड्यात अवकाळी पावसानं तोड मंदावली होती, यार्ड मोकळं, गाडी अर्ध्या तासात खाली होऊन परत. म्हणून बिंग फुटलं.

रिकाम्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. बीडकडच्या एका ऊसतोड टोळीचे मुकादम खिडकीशी येऊन शांतपणे म्हणाले, "साहेब, घड्याळच खोटं असंल तर वजन खरं कशावरनं?"

काटामारीचा संशय आमच्या भागात किती खोल मुरलाय ते मला माहीत आहे. शेतकऱ्याच्या हातात पुरावा म्हणून ती एक स्लिपच असते. मुकादमांना आत बोलावलं, काट्याखालच्या लोडसेलवरून, म्हणजे भार मोजणाऱ्या सेन्सरवरून, वजन इंडिकेटरवर कसं येतं आणि तोच आकडा पडद्यावर कसा उतरतो ते दाखवलं. वजनाचा घड्याळाशी संबंध नाही हे त्यांना पटलं. पण ते विचारत होते ते बरोबरच होतं.

घड्याळं लगेच सरळ करून भागणार नव्हतं. शेवटची भरली गाडी खऱ्या १२ वाजून १५ मिनिटांनी चढली होती, नोंदीवर वेळ १२:४१. म्हणून भरला काटा थांबवला, दोन्ही संगणकांना खरी वेळ दिली आणि १२:४१ उलटेपर्यंत सगळ्यांना चहा पाजला. मग एकेक स्लिप निघाली. जुन्या नोंदींच्या वेळा बदलाव्यात असं एकानं सुचवलं, मी साफ नकार दिला. त्या आहेत तशाच ठेवल्या आणि रजिस्टरात फरक लिहून शेतकी विभागाची सही घेतली.

खरं काम त्यानंतर. डेटाबेसच्या लिनक्स सर्व्हरवर क्रोनी हा वेळ जुळवणारा प्रोग्रॅम बसवला आणि एनआयसीचे (केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राचे) दोन 'समय' सर्व्हर व दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा सर्व्हर असे वेळेचे स्रोत दिले. आपली भारतीय प्रमाणवेळ सांभाळते तीच ही प्रयोगशाळा, आणि सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशातही याच दोन ठिकाणांची नावं आहेत. पण स्रोतांच्या यादीत तिन्ही नावांपुढे प्रश्नचिन्हच. एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवायची पद्धत, यूडीपीच्या १२३ क्रमांकाच्या पोर्टवरून चालते आणि आमच्या फायरवॉलनं ते बाहेर जाताना अडवलं होतं. ते उघडलं, काही मिनिटांत एका नावापुढे तारा आला. म्हणजे त्या स्रोताशी घड्याळ जुळलं.

काट्याचे विंडोज संगणक मात्र आमच्या सर्व्हरकडून वेळ घेईनात. अर्धा तास केबली तपासण्यात घालवला. चूक माझी होती: क्रोनी आपणहून कुणाला वेळ वाटत नाही, आपल्या नेटवर्कला तशी परवानगी सेटिंगमध्ये लिहावी लागते. ती ओळ घातली आणि काम झालं. शिवाय या जुन्या विंडोजवर डोमेनबाहेरचा, म्हणजे मध्यवर्ती नियंत्रणाखाली नसलेला, संगणक आठवड्यातून एकदाच वेळ विचारतो, तेही त्याची टाइम सर्व्हिस चालू असेल तर. सर्व्हिस आपोआप सुरू होईल असं केलं, वेळ दर तासाला विचारायला लावली, आणि बॅटऱ्या दुसऱ्या दिवशी बदलल्या. सॉफ्टवेअरवाल्यांकडून नोंदीवर सर्व्हरचीच वेळ पडेल असा बदलही पुढच्या महिन्यात करून घेतला.

चारची पाळी बदलायच्या आधी टाइम ऑफिसचे काका आले. भोंग्याचं घड्याळ सर्व्हरशी लावून बघितलं तर ते चार मिनिटं मागे निघालं. आजूबाजूची तीन गावं या भोंग्यावर उठतात. काकांनी खुर्चीवर चढून काटे पुढे सरकवले आणि त्या पहाटे भोंगा बरोबर चारला झाला.