तुम्ही विचारलंत म्हणून: राज्य चालवायचे गेम पोरी का खेळत नाहीत?

"मॅडम, तुम्ही खेळता, मग बाकीच्या बायका हे गेम का खेळत नाहीत?" पालक विचारतात, क्लासमधली पोरं विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला एखादा पाहुणाही विचारतो. अमळनेरला मी कॉम्प्युटर क्लास चालवते: एमएस-सीआयटी, टॅली, टायपिंग. रात्री आवराआवर झाली की स्ट्रॅटेजी गेम, म्हणजे डावपेच आखून राज्य चालवायचे गेम, खेळते. 'एज ऑफ एम्पायर्स', 'सिव्हिलायझेशन', आणि या दोघांहून किचकट असा 'युरोपा युनिव्हर्सालिस'. पंगतीत बसून या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, म्हणून सवडीने लिहिते आहे.

बायका गेमच खेळत नाहीत, असं अजिबात नाही. निक यी नावाचे संशोधक 'क्वांटिक फाउंड्री' ही संस्था चालवतात. त्यांनी 2017 साली सुमारे 2 लाख 70 हजार खेळाडूंची माहिती मांडली. लोकांनी इंटरनेटवर स्वतःहून दिलेली उत्तरं होती ती. तीन सारख्या गोळ्या जुळवायच्या गेममध्ये आणि शेती-संसाराच्या गेममध्ये 69 टक्के खेळाडू बायका निघाल्या. नकाशा समोर ठेवून शेकडो वर्षं राज्य चालवायचे जे मोठे स्ट्रॅटेजी गेम असतात, त्यांत निघाल्या 7 टक्के. क्लासमध्ये, नातेवाइकांत मला जे दिसतं ते याहून वेगळं नाही. म्हणजे तुमचा प्रश्न खरा आहे. त्याची जी उत्तरं लोक मला लगेच देऊन टाकतात, ती मात्र मला पटत नाहीत.

पहिलं उत्तर असतं, बायकांना लढाई आवडत नाही. यात थोडं तथ्य आहे. विषय आणि मांडणी बदलली की बायकांचं प्रमाण बदलतं, हे त्याच आकड्यांत दिसतं. पाश्चात्त्य धाटणीच्या रोल-प्लेइंग गेममध्ये, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या गेममध्ये, सरासरी 26 टक्के बायका होत्या, तर त्याच प्रकारातल्या 'ड्रॅगन एज: इन्क्विझिशन'मध्ये 48 टक्के. पण स्ट्रॅटेजी म्हणजे नुसती लढाई नव्हे. 2020 साली आलेल्या 'क्रूसेडर किंग्ज 3'मध्ये अर्धं राजकारण सोयरिकीचं आहे. मुलगी कोणत्या घराण्यात द्यायची, कुणाचा भाऊ उद्या गादीवर हक्क सांगेल, कोणत्या काकाला आजच सांभाळून घ्यायचं. आमच्याकडे लग्नाच्या बैठकीत बसलेल्या कुठल्याही मावशीला हे शिकवावं लागणार नाही. आणि शेतीच्या गेममध्ये तरी काय असतं? 'स्टारड्यू व्हॅली'त 28 दिवसांचा एक हंगाम. त्या हंगामात कोणतं बी लावलं तर वेळेत हाती येईल, विहिरीपासून वावर किती लांब, हातातले पैसे आज बियाण्यात घालायचे की अवजारात. हेही नियोजनच. फक्त ते स्ट्रॅटेजीच्या खात्यात मोजत नाहीत.

दुसरं उत्तर लोक जरा आवाज खाली करून देतात: बायकांचं डोकं त्यात चालत नाही. याचा मला मनापासून राग येतो, म्हणून यावर थोडं थांबते. डावपेचाचा जुना आणि काटेकोर मोजला जाणारा खेळ बुद्धिबळ. मुंबईच्या खाडिलकर भगिनी, वासंती, जयश्री आणि रोहिणी, यांनी महिलांचं राष्ट्रीय अजिंक्यपद पुन्हा पुन्हा घरी आणलं. 1976 साली रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा इतका गदारोळ झाला की प्रकरण कोर्टात गेलं. शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना सांगावं लागलं की बायकांना अशा स्पर्धांतून अडवता येणार नाही. 2025 च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमीला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली, तेव्हा ती 19 वर्षांची होती. मेरिम बिलालिच हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली जर्मनीतल्या बुद्धिबळपटूंच्या क्रमवारीचा अभ्यास छापला. अव्वल पुरुष आणि अव्वल बायका यांच्यातल्या फरकाचा 96 टक्के भाग एवढ्याच गोष्टीने उलगडतो, की खेळणाऱ्या बायकाच फार कमी आहेत. त्याच्या आदल्या वर्षी इटलीत आणखी एक प्रयोग झाला. बायकांना ऑनलाइन डाव खेळायला बसवलं. समोर पुरुष आहे हे माहीत असलं की त्यांचा खेळ घसरला. समोरही बाईच आहे असं वाटलं, तेव्हा त्याच बायका त्याच पुरुषांच्या तोडीस तोड खेळल्या. डोक्याची गोष्ट माझ्यापुरती तिथे संपते.

तिसरं उत्तर शिवीगाळीचं. ऑनलाइन खेळताना बाईचा आवाज ऐकू आला की काय काय बोलतात, ते मी इथे लिहिणार नाही. बंदुकीच्या गेमपासून पोरी लांब राहतात त्यामागे हे मोठं कारण आहेच. पण 'सिव्हिलायझेशन' किंवा 'युरोपा' एकटीने, कॉम्प्युटरविरुद्ध खेळता येतो. तिथे कुणी शिवी देत नाही, तरीही पोरी नाहीत. मग अडतं कुठे?

माझ्या मते अडतं ते वेळेपाशी. किती वेळ मिळतो हा एक भाग. कसा मिळतो हा त्याहून मोठा.

'युरोपा युनिव्हर्सालिस 4'मध्ये आपला खानदेश आहे, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत नसेल. गेम 11 नोव्हेंबर 1444 ला सुरू होतो. नकाशावर तापीकाठी फारुकी सुलतानांचं छोटंसं राज्य, एका अंगाला गुजरात, वर माळवा, खाली बहमनी. इतिहासात हे राज्य 1382 ते 1601 एवढंच टिकलं. अकबराने असीरगड घेतला आणि संपलं. शिरपूर तालुक्यातल्या थाळनेरला फारुकींच्या कबरी आजही आहेत. गेममध्ये मात्र तुम्ही ते राज्य 1821 पर्यंत नेऊ शकता. त्यासाठी आधी गुजरातशी पटवून घ्यायचं, माळव्याचं लक्ष दुसरीकडे असताना हात मारायचा, कर्ज किती झेपेल ते बघायचं, वारस लहान असेल तर दहा वर्षं दम धरायचा. अख्खा डाव उरकायला कित्येक रात्री जातात. आणि मधे उठलं तर फक्त वेळ जात नाही, डोक्यातली मांडणी मोडते. कोणाशी तह कधी संपतो, कोणत्या किल्ल्यात माणसं कमी आहेत, हे सगळं परत जुळवत बसावं लागतं. गोळ्या जुळवायच्या गेमचं तसं नाही. कुकरची शिट्टी झाली, फोन ओट्यावर ठेवला, परत घेतला, काही बिघडत नाही.

आता सरकारी आकडे बघा. केंद्राच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी 289 मिनिटं त्यात जातात, आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचे 88. 2019 साली हेच आकडे 299 आणि 97 होते. या मिनिटांचा हिशेब मांडला तरी एक गोष्ट निसटते: बाईच्या वाट्याला उरलेला वेळ तुकड्यातुकड्यांनी येतो. दहा मिनिटं इथे, पंधरा तिथे, आणि तीही कुणीतरी हाक मारेपर्यंतची. गोळ्यांचा गेम त्या तुकड्यात बसतो. खानदेशची सल्तनत बसत नाही. बायकांना सोपंच आवडतं म्हणून त्या सोपे गेम खेळतात, असं जे म्हणतात त्यांनी एकदा हा हिशेब करून बघावा.

आखाजीचंच घ्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेचं. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. मला तो सण जिवापाड आवडतो. त्याच दिवशी पारावर आणि मळ्यात माणसांचे पत्त्यांचे डावही बसतात. झोक्यावरची पोर गाणं अर्धं सोडून पुरणपोळ्या लाटायला उठते आणि कुणाला त्यात काही वाटत नाही. पत्त्यांचा डाव मात्र संपल्याशिवाय कोणी उठत नाही. जेवण तिकडे जातं, चहा तिकडे जातो. सणाच्या दिवशीसुद्धा अखंड खेळायची मुभा कुणाला आहे, हे आम्ही लहानपणापासून बघत आलो.

दुसरी अडचण मशीनची. हे मोठे गेम खरे पीसीवरचे, आणि आपल्याकडे बाईच्या हाती आला तर मोबाइलच येतो. तोही सगळ्यांच्या नाही: 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरायचा मोबाइल असलेल्या बायका देशात सुमारे 54 टक्केच होत्या. घरी पीसी आला तर तो दादाच्या टेबलावर. अमेरिकेतही हेच घडलं. तिथे 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत कॉम्प्युटर सायन्सच्या पदव्यांत मुली 37 टक्क्यांपर्यंत पोहोचल्या होत्या, नंतर ते प्रमाण घसरत गेलं. कार्नेगी मेलन विद्यापीठात जेन मार्गोलिस आणि अ‍ॅलन फिशर यांनी विद्यार्थ्यांशी सविस्तर बोलून याची कारणं शोधली. त्यांतलं एक अगदी घरातलं होतं: कॉम्प्युटर मुलाच्या खोलीत ठेवला जायचा.

तिसरी अडचण शिकवणाऱ्याची, आणि ही मी क्लासमध्ये रोज बघितली आहे. एमएस-सीआयटी 2001 ला सुरू झालं तेव्हा खानदेशातल्या कितीतरी पोरींनी पहिल्यांदा माउस हातात धरला. शिकायला पोरी पोरांइतक्याच यायच्या. पण तास संपला की पोरी स्कार्फ बांधून निघायच्या, कारण बस गाठायची असायची आणि उशीर झाला तर घरी उत्तर द्यावं लागायचं. पोरं थांबायची. एकाने 'एज ऑफ एम्पायर्स'ची सीडी आणलेली, दुसरा त्याच्या खांद्यावरून बघतोय, तिसरा सांगतोय, "आधी मेंढ्या मार, मग लाकूड तोड." हे गेम कोणी पुस्तक वाचून शिकत नाही, असेच शिकतात. चौकातल्या नेट कॅफेतही तेच. तिथे पोरीने तासभर बसणं म्हणजे गावभर चर्चा.

या खेळांची वंशावळही अशीच आहे. 1824 साली प्रशियाच्या सैन्याने अधिकाऱ्यांना शिकवायला नकाशावरचा युद्धखेळ घेतला. 1950 च्या दशकात अमेरिकेत 'अ‍ॅव्हलॉन हिल' कंपनीने तसे पटावरचे खेळ विकायला सुरुवात केली, आणि त्यांच्याभोवती जमले ते जवळपास सगळे पुरुष. त्या कंपनीत काम केलेले ब्रूस शेली पुढे सिड मायर यांच्याबरोबर 1991 च्या 'सिव्हिलायझेशन'वर होते, आणि 1997 च्या 'एज ऑफ एम्पायर्स'वरही. कोणी मुद्दाम दार लावलं असं मी म्हणत नाही. पण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हा खेळ गेला तो मित्राकडून मित्राकडे, आणि त्या खोल्यांत आम्ही नव्हतो. मी शिकले ती क्लासची किल्ली माझ्याकडे होती म्हणून. सगळे गेल्यावर मशीन माझं असायचं.

हल्ली मे महिन्याच्या सुट्टीत दुपारी दोन ते पाच मी क्लासमधली मशीनं फक्त पोरींसाठी ठेवते. बाहेर 44 डिग्री ऊन, कुणालाच कुठे जायचं नसतं. सुरुवातीला पोरी दर थोड्या वेळाने विचारायच्या, "मॅडम, उठू का?" कोणी हाक मारलेली नसायची, सवयच तशी. ती सवय मोडायला गेम शिकायच्या दुप्पट वेळ लागला. एकीची आजी तिला न्यायला आली आणि पडद्याकडे बघून म्हणाली, "हाई गाव कोनं शे?" नातीने सांगितलं, माझंच आहे. आजी स्टूल ओढून बसली ती पाच वाजेपर्यंत.

कापूस पिकवणाऱ्या घरातली एक पोर 'एज ऑफ एम्पायर्स'मध्ये लाकूड विकत होती. त्या गेममध्ये एकच माल विकत राहिलं की त्याचा भाव पडत जातो. तिने विकणं थांबवलं आणि नकाशाच्या पार दुसऱ्या टोकाला असलेल्या मित्रराज्याच्या बाजाराकडे गाड्या लावल्या. बाजार जितका लांब, तितकं सोनं जास्त, हा नियम मी तिला सांगितलेला नव्हता. विचारलं तर म्हणाली, "इथे भाव पडला की पप्पा कापूस गुजरातला धाडतात, मॅडम." ही पोर याआधी असा एकही गेम खेळलेली नव्हती. तिला तीन तास आणि एक खुर्ची मिळाली, एवढंच.

तुमच्यापैकी काहींनी पुढचंही विचारलंय, की मुलीला सुरुवात कशाने करून देऊ. 'एज ऑफ एम्पायर्स 2'ने करा. 1999 चा मूळ गेम जुन्या पीसीवरही चालतो आणि एक डाव दुपारभरात संपतो. कॉम्प्युटरला सगळ्यात सोप्या पातळीवर ठेवा, नकाशा लहान घ्या. त्यात जोन ऑफ आर्कची मोहीम आहे, तीही चांगली. तो हाताखाली आला की 'सिव्हिलायझेशन'. पीसीवर तिच्या नावाचं वेगळं खातं उघडा. शेजारी बसून पहिला डाव तुम्ही स्वतः खेळून दाखवा. आईने दाखवला तर फारच छान. दुपारचे तीन तास तिचे आहेत हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा, पाहुणे आले तरी चहाला तिला उठवू नका. आणि सेव्ह कसं करायचं ते पहिल्याच दिवशी शिकवा, आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही.