सकाळी गळणारं पेन आणि जुन्या बाजारातली कांडी

पेनातून गळणारा थेंब थांबला. आधी एवढं सांगून टाकते, कारण गेल्या दोन नोंदींत मी इतकं रडगाणं गायले होते की काही जणांनी मला सरळ कन्व्हर्टर (शाई ओढून घेणारी वेगळी नळी) लावून मोकळं व्हायचा सल्ला दिला होता. नाही लावला. ड्रॉपरचं पेन, म्हणजे ज्याच्या पोटातच थेट शाई भरतात ते, ड्रॉपरचंच राहिलं आहे.

नवीन मंडळींसाठी दोन ओळी. आमच्या मोडी लिपीच्या बाईंची पंचाहत्तरी रथसप्तमीला आहे. त्यांना आम्ही चौघं मिळून एक पेन देतोय. काळं एबोनाइट (गंधक घालून कडक केलेलं रबर), तीन मिली शाई मावणारं, कानपूरची सहा नंबरची निब. निब मी घासून ०.९ मिलीमीटरची स्टब, म्हणजे रुंद चपट्या टोकाची, केली आहे, आणि टोकाला बोरूसारखा तिरका काप दिला आहे. रोमन अक्षरांना चालतो त्याच्या उलटा. या कापाबद्दल मागे भरपूर लिहिलं आहे, आता नाही लिहीत. फक्त एवढंच की शेवटचा हात बारा हजारच्या मायक्रोमेशवर (अतिबारीक पॉलिशचं कापड) दिला आणि ‘क’चा पोटाचा गोल असा उतरला की मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवला. कोणी विशेष काही बोललं नाही.

रडगाणं थेंबाचं होतं. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढतात आणि मग अक्षरं तिला टांगतात. म्हणजे आठ इंच हात न उचलता एका दमात जायचं. देवनागरीत शब्दागणिक शिरोरेषा तुटते, त्यामुळे पेनाला आणि माणसाला उसंत मिळते. मोडीत नाही. हे पेन साधारण पाचव्या-सहाव्या इंचावर टपकन एक थेंब सोडायचं. तोही रोज नाही, आणि टाकी भरलेली असताना तर कधीच नाही. शाई एक तृतीयांशावर आली की नाटक सुरू.

आता काय काय करून पाहिलं ते सांगते, म्हणजे तुमचा वेळ वाचेल. आट्यांना सिलिकॉन ग्रीस लावलं, मग दुप्पट लावलं. मूर्खपणा होता, कारण गळती आट्यांतून नव्हतीच, निबेतून होती. जीभ, म्हणजे निबेखालचा तिला शाई पुरवणारा तुकडा, गरम पाण्यात धरून निबेला चिकटवून बसवली. त्याने निब आणि जिभेतली फट गेली, ओघ सुधारला, थेंब तसाच. मग एका विक्रेत्याकडून ‘खोल फणीची’ म्हणून दुसरी जीभ मागवली. फणी म्हणजे जिभेवरच्या जादा शाई धरून ठेवणाऱ्या खाचा. आली ती प्लास्टिकची. एबोनाइटच्या जिभेला शाई धरून राहते, प्लास्टिकवर ती पावसात छत्रीवरून ओघळावी तशी पळते. परत पाठवायचा खर्च जिभेपेक्षा जास्त, म्हणून ती डब्यात पडून आहे. शेवटी जुन्याच जिभेच्या फणीचे दात सोनाराच्या बारीक करवतीने खोल केले. तीन दात गेले. उरलेल्यांनी थेंब जरा उशिरा पडू लागला. सहाव्याऐवजी सातव्या इंचावर. प्रगतीच म्हणायची.

अशा मनःस्थितीत मागच्या रविवारी पुण्याला गेले.

निमित्त दोन होती. एक, भेटवस्तूतलं बाकीचं सामान घ्यायचं होतं. दुसरं म्हणजे नागपूरकरीण येणार होती. आम्ही तीन वर्षं एकमेकींना पत्रं आणि शाईचे नमुने पाठवतोय, पण भेट नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर तिचं अक्षर होतं. बारीक, गच्च, काना मात्रा एकमेकांना चिकटलेल्या. त्यावरून मी एक किडकिडीत, हळू बोलणारी बाई मनात उभी केली होती. कसबा पेठ मेट्रो स्थानकाच्या बाहेर एक उंचनिंच बाई संत्रा बर्फीचा खोका वर धरून रस्त्याच्या पलीकडून ओरडली, “साताऱ्याची का गं तू?” मी कंदी पेढ्यांचा पुडा वर केला. ओळख पटली. ठाण्याची मैत्रीण आणि आमचे अण्णा आधीच चहाच्या टपरीवर होते. अण्णा म्हणजे छापखान्यात खिळे जुळवण्यात आयुष्य घालवलेले गृहस्थ. दोन फुटांवरून उलटं अक्षर वाचतात आणि आपल्या कोणत्याही अक्षराला बरं म्हणत नाहीत.

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, हे तुम्हाला माहीत आहेच. मंगळवार पेठेत आम्ही नऊच्या सुमारास पोचलो. पेनवाल्यांना माझा सल्ला असा की तिथे पेन शोधायला जाऊ नका. जी पेनं दिसतात त्यांच्या निबा वाकलेल्या असतात आणि भाव मात्र माणूस भिंग काढतो त्या क्षणी चौपट होतो. ठाणेकरणीने भिंग काढलंच. गोधडीवर पसरलेल्या एका मरतुकड्या पेनाची किंमत विक्रेत्याने तिच्याकडे बघत बघत वाढवत नेली. अण्णा बाजूला उभे राहून म्हणाले, “बाई, ते भिंग आधी पिशवीत टाका, मग बाजारात फिरा.”

तिथेच चालता चालता मी नागपूरकरणीला थेंबाची कहाणी ऐकवली. ती थांबली. म्हणाली, “सकाळी गळते का दुपारी?”

मी कधी बघितलंच नव्हतं. आठवून पाहिलं. मी रोजचा सराव सकाळी सातला करते. थेंब सकाळीच पडत होता. दुपारी कामाच्या नोंदी त्याच पेनाने लिहिते, तेव्हा वहीवर डाग नाही.

“मग झालं तर,” ती म्हणाली. “आमच्याकडे मे महिन्यात पेन कधीच गळत नाही. बाहेर चव्वेचाळीस डिग्री, त्यात आपला हातच थंड असतो. हिवाळ्यातच गळून राहते.”

ड्रॉपरच्या पेनात हाताच्या उबेने हवा तापून फुगते, शाईला ढकलते आणि थेंब पडतो, हे मला पाठ होतं. तुम्हालाही आहे. पण हिशेब कधी केला नव्हता. आम्ही कडेला एका लोखंडी ट्रंकेवर बसून तो पाकिटाच्या पाठीवर केला. टाकी तीन मिलीची, शाई ०.८ उरली म्हणजे हवा २.२ मिली. साताऱ्यात पौषातल्या सकाळी खोलीत १८ अंश धरा, मुठीत धरलेलं पेन ३३ पर्यंत जातं असं धरा. पंधरा अंश. वायू केल्व्हिनच्या हिशेबाने फुगतो, १८ अंश म्हणजे २९१ केल्व्हिन, आणि २९१ वर १५ म्हणजे साधारण पाच टक्के. २.२ मिलीचे पाच टक्के ०.११ मिली. ड्रॉपरचा एक थेंब साधारण ०.०५ चा. म्हणजे माझी मूठ दोन थेंब शाई बाहेर ढकलत होती! एक फणी पिऊन घेत होती, दुसरा रेघेवर. दुपारी खोली २६ वर गेली की फरक सातच अंशांचा, थेंब एकच, तो फणीत मुरतो. सगळं जुळलं. इतके आठवडे मी जिभेला शिव्या घालत होते आणि चूक टाकीच्या पोटातल्या रिकाम्या जागेची होती.

हिशेब ढोबळ आहे, एबोनाइट उष्णता सावकाश आत सोडतं वगैरे मला कळतं. पत्रं लिहून दुरुस्त्या पाठवणाऱ्यांनी आधी स्वतःच्या पेनावर करून पाहावं.

उपाय उघड होता. टाकी लहान करायची. मागच्या बाजूला भरीव खुंटी बसवली की हवेला जागाच कमी. पण भरीव एबोनाइट आणायचं कुठून? काहीही चालेल अशा तयारीने मी लाकूड, ॲक्रिलिक, खोडरबर असं काहीही बोलत होते. अण्णांनी सगळं नाकारलं. ज्या जातीचं पेन त्याच जातीची खुंटी, नाहीतर थंडीत एक आकसणार आणि दुसरं नाही.

आणि मग ती दिसली. कुठल्या तरी बंद पडलेल्या शाळेच्या प्रयोगशाळेचं सामान एका चादरीवर होतं. फुटके फ्लास्क, काटा नसलेला गॅल्व्हानोमीटर, घोड्याच्या नालेचं चुंबक, आणि एक काळी कांडी. आठवते ना? ती लोकरीवर घासायची आणि कागदाचे कपटे उचलायचे. विक्रेता तिला लाटणं म्हणत होता. मी ती अंगठ्याने जोरात घासली आणि वास घेतला. गंधक! जुनं एबोनाइट असल्याने बाहेरून हिरवट-तपकिरी झालं होतं, उजेडाने होतं तसं, पण चिमटीतल्या किल्लीने खरवडल्यावर आत काळंभोर. चाळीस रुपये. मी घासाघीस करायची विसरले. ठाणेकरणीने ती गोष्ट दिवसभर काढली.

तुळशीबागेबद्दल थोडक्यात. संक्रांतीनंतरचा रविवार, रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं, म्हणजे वाण घेणाऱ्या बायकांचा पूर. प्रत्येक दुकानात डझनाचा भाव. नागपूरकरीण म्हणाली, आपणही वाण लुटू या, आणि पिशवीतून शाईच्या दोन-दोन मिलीच्या बाटल्या काढून आम्हाला तिथेच गर्दीत वाटल्या. एका अनोळखी काकूंनीही हात पुढे केला. त्यांना वाटलं अत्तर आहे. मिळाली त्यांनाही एक.

बाईंसाठी मी पितळी करंडा धरून बसले होते. दौत म्हणून सुंदर दिसला असता. अण्णांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. शाई आंबट, पितळ हिरवं पडणार, आणि बाई तोच हिरवा कळक शाईत कालवून लिहिणार. बरोबर होतं, पण मला अजून तो करंडा आठवतो. त्याऐवजी खणाचा तुकडा घेतला, जांभळा, काठ पिवळा. त्याची पेनाची सुरळी शिवायची, आतून मऊ सुती अस्तर. खुंटी चिकटवायला बोहरी आळीत चपडा, म्हणजे लाख, आणि स्पिरिट घेतलं. तिथल्या एका दुकानदाराने मला ‘फर्निचर किती मोठं आहे?’ विचारलं. मी बोटाचं पेर दाखवलं.

मस्तानी पिताना नागपूरकरणीच्या बारीक अक्षराचा उलगडा झाला. लहानपणी घरात वह्या मोजून मिळायच्या. एका ओळीत दोन ओळी लिहायची सवय लागली ती गेलीच नाही. आता ती महागडा कागद वापरते आणि त्यावरही तशीच लिहिते.

घरी आल्यावर कांडी ड्रिल मशीनच्या तोंडात धरली, आधी कानस, मग १२० चा पॉलिश पेपर. टाकीचा आतला व्यास नऊ मिलीमीटर. पहिली खुंटी सैल झाली, हलवली की खुळखुळा. दुसरी निम्म्यात अडकली आणि तिला काढताना मी जे काही पुटपुटले ते इथे लिहीत नाही. घरभर गंधकाचा वास. सासूबाईंनी खिडक्या उघडल्या आणि फटाके कोण उडवतंय म्हणून विचारलं. तिसरी बसली. लांबी २२ मिलीमीटर, म्हणजे १.४ मिली जागा गेली. टाकी उरली १.६ ची. चपड्याचा एक हात देऊन बसवली, दोन दिवस वाळू दिली. चपडाच का, तर उद्या शेक देऊन काढता येतो. दोन नळ्यांचा डिंक (एपॉक्सी) एकदा बसला की बसला.

मग चाचणी. पहाटे साडेसहा, खोलीत १६ अंश, शाई मुद्दाम ०.४ मिलीच ठेवलेली. पेन मुठीत पाच मिनिटं आवळून धरलं. मग रेघ. आठ इंच. परत. पाच पानं, पानाला बारा रेघा. एकही थेंब नाही. एकदा फणीच्या दातांत शाई चढलेली दिसली, चमकत होती, पण तिथेच थांबली. साठ रेघा ओढून झाल्यावर चहा प्यायले, गार झालेला.

बाईंना शाई लवकर संपते अशी तक्रार करावी लागेल. १.६ मिलीही लहान कार्ट्रिजच्या (शाईची तयार नळी) दुप्पट आहे, पण त्यांना जुन्या तीन मिलीच्या पेनाची सवय आहे. आणि हे लिहिता लिहिताच सुचतंय की खुंटी पक्की कशाला करायची? मागच्या टोकाला आटे पाडले आणि एक लहान ओ-रिंग घातली, तर थंडीत खुंटी आत, उन्हाळ्यात बाहेर. हिवाळी पेन, उन्हाळी पेन. आत्ता शेक देऊन काढावी का? हात शिवशिवताहेत. नको. रथसप्तमीला आठ दिवस आहेत आणि सुरळी शिवायची आहे. हा प्रयोग माझ्या स्वतःच्या पेनावर.

सुरळीचंही बदललं. खणावर शाईचा एक थेंब टाकून पाहिला आणि पोटात कालवलं. आता खण बाहेरूनच, पण आतलं अस्तर काळं. शिवाय सोबत कागद द्यायचं ठरतंय. माझ्याकडचा हातकागद ओल्या निबेखाली फुटतो, रेघेला मिशा येतात. जुने जुन्नरी आणि दौलताबादी कागद खळ लावून घोटलेले असत, म्हणून बोरूची शाई वर राहायची. तांदळाची पेज लावून दोन ताव वाळत टाकले आहेत. घोटायला गुळगुळीत दगड हवा. अकीक मिळालं तर उत्तम, नाहीतर कृष्णेतला गोटा. कोणी हे केलं असेल तर पेज किती पातळ ठेवली ते सांगा. माझा पहिला ताव पापडासारखा झालाय.

कांडी साडेसात इंच उरली आहे. खुंटीसाठी हवी असेल त्यांनी आपल्या टाकीचा आतला व्यास व्हर्नियरने मोजून कळवा. पट्टीने मोजलेला चालणार नाही. नागपूरचा तुकडा आधीच कापून ठेवला आहे.