आमची वाटचाल : चुकांच्या वहीचे काम

विद्यापीठ-प्रवेशाच्या परीक्षांमध्ये इंग्रजी उताऱ्यांच्या आकलनाचा जो विभाग असतो, त्या एकाच विभागाचा सराव आमची संस्था करून घेते. व्याकरण, निबंधलेखन किंवा संभाषण यांपैकी काहीही आम्ही शिकवत नाही, आणि एवढ्याशा विषयावर एखादा व्यवसाय उभा राहू शकतो का, हा प्रश्न आम्हाला पहिल्या दिवसापासून विचारला गेला आहे. तो उभा राहिला, पण सुरुवातीची काही वर्षे आम्ही मनापासून आणि कष्टाने चुकीच्या दिशेला काम करत होतो, हेही येथे नोंदवले पाहिजे.

आरंभी आमची समजूत अशी होती की, विद्यार्थ्याने जितके जास्त उतारे सोडवावेत तितके त्याचे आकलन पक्के होत जाते. म्हणून आम्ही जाडजूड सराव संच तयार केले, रोज तीन-चार उतारे घड्याळ लावून सोडवून घेतले, उत्तरतालिकेवरून गुण दिले आणि दुसऱ्या दिवशी पुढचे उतारे हाती ठेवले. पहिल्या काही आठवड्यांत गुण वाढत, कारण प्रश्नांचा साचा ओळखीचा होत असे आणि परीक्षेची धास्ती कमी होत असे. त्यानंतर मात्र बहुतेकांचे गुण एका पातळीवर येऊन थांबत आणि पुढे कितीही उतारे सोडवले तरी तेथून हलत नसत. यावर उपाय म्हणून आम्ही आणखी उतारे देत होतो. एका विद्यार्थिनीने आमच्याजवळचे सगळे संच संपवले, आणि दुसऱ्या महिन्यात तिला जेवढे गुण मिळत होते साधारण तेवढेच तिला प्रत्यक्ष परीक्षेत मिळाले. ती तक्रार घेऊन आली नाही. आपणच कुठेतरी कमी पडलो असे तिला वाटत होते, आणि ते मला तक्रारीपेक्षा अधिक लागले.

त्याच सुमारास आणखी एक प्रसंग घडला. आमच्या संचांतील बरेच उतारे आम्ही एका प्रकाशकाकडून तयार विकत घेतलेले होते. त्यांपैकी एका प्रश्नाच्या उत्तरावर एका मुलाने हरकत घेतली. मी त्याला उत्तरतालिका दाखवली आणि त्याने मला उताऱ्यातील सातवी ओळ दाखवली. ती ओळ दोनदा वाचल्यावर मला मान्य करावे लागले की, बरोबर तोच होता. नंतर आम्ही तो पूर्ण संच तपासला तेव्हा अशा आणखी चुका सापडल्या. त्याहून गंभीर बाब ही होती की, जेथे तालिका बरोबर होती तेथेही ते उत्तर का बरोबर आणि उरलेले पर्याय का चूक, हे आम्हा शिकवणाऱ्यांनाच अनेकदा ठामपणे सांगता येत नव्हते. तो संच आम्ही बाद केला आणि ज्या उत्तराला उताऱ्यातील ओळ दाखवता येत नाही ते उत्तर तालिकेत जाणार नाही, असा नियम केला. पुढे 2016 साली अमेरिकी विद्यापीठांच्या प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या सॅट परीक्षेचे स्वरूप बदलले आणि आधीच्या प्रश्नाच्या उत्तराला उताऱ्यातील कोणता भाग सर्वांत चांगला आधार देतो, असे जोडप्रश्न तीत आले, तेव्हा या नियमामुळे आमची मुले गोंधळली नाहीत.

चुका मोजण्याऐवजी त्या वाचायला हव्यात, हे आम्हाला एका फार जुन्या अभ्यासातून उमगले. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1917 साली मुलांच्या उतारावाचनातील चुकांवर एक निबंध प्रसिद्ध केला होता. एका गावात शाळेतील हजेरी कोणत्या वयाच्या मुलांना सक्तीची आहे आणि कोणत्या कारणांनी तिच्यातून सूट मिळते, हे सांगणारे एक लांबलचक वाक्य त्याने मुलांना दिले आणि समोर उतारा असतानाही ती काय काय उत्तरे देतात हे नोंदवले. त्याचा निष्कर्ष असा होता की, वाचन ही तर्क करण्याचीच क्रिया आहे, आणि वाक्यातील एखाद्या शब्दाला वाजवीपेक्षा जास्त किंवा कमी वजन दिले गेले की अर्थ बिघडतो. मी तो निबंध वाचला त्या आठवड्यात आमच्या विद्यार्थ्यांच्या जुन्या उत्तरपत्रिका पुन्हा काढून बसलो, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या त्या मुलांच्याच चुका आमच्या टेबलावर पडलेल्या आहेत असे मला वाटले.

तेथून चुकांची वही सुरू झाली. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासाठी विद्यार्थ्याने स्वतःच्या भाषेत तीन गोष्टी लिहायच्या असतात : आपण निवडलेला पर्याय आपल्याला का पटला, उताऱ्यातील कोणत्या शब्दाने तो पर्याय बाद होतो, आणि तो शब्द वाचताना आपल्या मनात काय आले. तिसरी गोष्ट लिहिणे सर्वांत अवघड जाते आणि खरे काम तीच करते. एका उताऱ्यात ‘फ्यू ऑफ दीज मॅप्स वेअर मेड फॉर सेलर्स’ असे वाक्य होते. म्हणजे यांतले फारच थोडे, जवळजवळ नाहीतच म्हणावेत इतके, नकाशे खलाशांसाठी केलेले होते. बॅचमधील निम्म्याहून अधिक मुलांनी ‘काही नकाशे खलाशांसाठी होते’ असा अर्थ घेऊन पुढचा पूर्ण परिच्छेद उलटा लावला, कारण ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांतला फरक त्यांना व्याकरणाच्या तासाला पाठ होता, पण वाचताना त्यांची नजर ‘मॅप्स’ आणि ‘सेलर्स’ या वजनदार शब्दांवर जाऊन स्थिरावली होती. ‘हार्डली’, ‘अनलेस’, ‘यट’, ‘ऑल्दो’, ‘ओन्ली’ असे लहान शब्द आमच्या वह्यांमध्ये सर्वांत जास्त वेळा आढळतात. अवघड शब्दांमुळे झालेल्या चुका त्यांच्या मानाने बऱ्याच कमी असतात.

मराठीतून विचार करणाऱ्या वाचकाची एक अडचण वह्यांनीच आमच्या नजरेस आणून दिली. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येते, त्यामुळे वाक्य संपेपर्यंत थांबण्याची आपल्याला सवय असते आणि निर्णय शेवटी हाती पडतो. इंग्रजीत क्रियापद लवकर येते आणि अटी, अपवाद, कालमर्यादा त्याच्यामागून शेपटीसारख्या लांबत जातात. क्रियापद हाती आले की अर्थ लागला असे वाटते आणि मागून येणारी अट हलक्या नजरेने वाचली जाते. परीक्षेतील फसवे पर्याय नेमके याच शेपटीवर बेतलेले असतात, म्हणजे मूळ विधान जसेच्या तसे घेतलेले असते आणि त्याची अट तेवढी गाळलेली असते. म्हणून लांब वाक्याची फोड करून ते आधी ‘जो-तो’, ‘जेव्हा-तेव्हा’, ‘जर-तर’ अशा मराठी जोडीत मांडून पाहण्याचा सराव आम्ही करून घेतो. इंग्रजी आकलनाच्या वर्गात मराठी कशाला, अशी शंका काही पालकांनी घेतली होती. मात्र या रीतीने दोन-तीन महिने काम केल्यावर मुलांना ही मांडणी कागदावर करावी लागत नाही, हा आमचा अनुभव आहे.

वेग हा पालकांचा सर्वांत आवडता विषय आहे, आणि आमच्याकडे येणारी बहुतेक मुले आपला वाचनाचा वेग कमी असल्याचे सांगतात. अशा वेळी मी त्यांच्यासमोर एक हिशेब मांडतो. आयेल्ट्स या इंग्रजीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेच्या अकॅडेमिक प्रकारात वाचनासाठी 60 मिनिटे, तीन उतारे आणि 40 प्रश्न असतात, आणि तिन्ही उतारे मिळून 2150 ते 2750 शब्द होतात. मार्क ब्रिसबर्ट या संशोधकाने 2019 साली अनेक अभ्यास एकत्र करून दाखवले की, इंग्रजी वाचणारा प्रौढ माणूस माहितीपर मजकूर मनात वाचताना मिनिटाला सरासरी 238 शब्द वाचतो. आमचा विद्यार्थी त्याच्या निम्म्या वेगाने वाचतो असे धरले, तरी तिन्ही उतारे त्याचे सुमारे 23 मिनिटांत वाचून होतात आणि 37 मिनिटे उरतात. मग वेळ जातो कुठे? पहिल्या वाचनात काहीच हाती न लागल्यामुळे प्रत्येक प्रश्नासाठी उतारा पुन्हा वरपासून धुंडाळण्यात तो जातो. प्रत्येक परिच्छेद वाचून झाल्यावर समासात पाच-सहा शब्दांत त्याचे काम लिहायचे, म्हणजे हा परिच्छेद मत मांडतो, उदाहरण देतो, आक्षेप घेतो की आधीचे म्हणणे आवरते घेतो, एवढी एक सवय लागली की हा शोध पुष्कळ कमी होतो. डोळे भरभर फिरवण्याचे वेगवाचनाचे वर्ग आम्हाला चालवायला सांगितले गेले होते, आणि त्यांना मागणीही होती. आकलन गमावून मिळवलेला वेग आकलनाच्या परीक्षेत विद्यार्थ्याच्या उपयोगी पडत नाही, म्हणून आम्ही ते चालवले नाहीत.

शब्दसंग्रहाबाबतही आमचे मत बदलत गेले. दुर्मीळ शब्दांच्या लांबच लांब याद्या पाठ करून घेणे आम्ही थांबवले. भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांच्या 2006 सालच्या मांडणीनुसार, मजकुरातील 98 टक्के शब्द ओळखीचे असण्यासाठी वाचकाला इंग्रजीतील आठ ते नऊ हजार शब्दकुलांची, म्हणजे एका मूळ शब्दापासून बनलेल्या शब्दांच्या गटांची, ओळख लागते. हे अंतर काही महिन्यांत कापले जात नाही. शिवाय 98 टक्के शब्द येत असले तरी 700 शब्दांच्या उताऱ्यात 14 शब्द अनोळखी राहणारच, म्हणून अनोळखी शब्दापाशी न अडखळता आजूबाजूच्या वाक्यांतून त्याची दिशा ओळखणे हे शिकवण्याजोगे कौशल्य आहे. पाठ करायचेच असेल तर ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली मांडलेली 570 शब्दकुलांची शैक्षणिक यादी आम्ही सुचवतो, कारण त्या शब्दांनी अभ्यासपर लेखनाचा सुमारे दहावा हिस्सा व्यापलेला असतो.

पूर्वज्ञानाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. 1988 साली रेक्ट आणि लेस्ली या संशोधकांनी केलेल्या प्रयोगात, बेसबॉलची चांगली माहिती असलेल्या पण वाचनात कच्च्या मुलांना बेसबॉलवरील उतारा वाचनात पक्क्या पण खेळाची माहिती नसलेल्या मुलांपेक्षा चांगला समजला होता. म्हणून विज्ञान, इतिहास, कला, अर्थकारण असे सर्व विषयांवरचे वाचन आम्ही आग्रहाने सुचवतो. तरीही परीक्षेच्या वेळी हेच ज्ञान आडवे येऊ शकते. आयेल्ट्समध्ये दिलेले विधान खरे, खोटे की उताऱ्यात सांगितलेलेच नाही, हे ठरवावे लागते, आणि विज्ञानात हुशार असलेली मुले तिसऱ्या पर्यायाच्या ठिकाणी हमखास पहिला निवडतात, कारण विधान जगात खरे असते आणि उताऱ्याने मात्र त्याचा उल्लेखही केलेला नसतो. ‘हे तुला माहीत आहे की लेखकाने सांगितले आहे?’ हा प्रश्न आमच्या वर्गात बहुधा सर्वांत जास्त वेळा विचारला जातो.

विकतचे संच सोडल्यावर उतारे आणि प्रश्न आम्ही स्वतः लिहू लागलो, आणि हे काम किती अवघड आहे याची आम्हाला कल्पना नव्हती. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सॅटमधील तेव्हाच्या उताऱ्यांवरचे प्रश्न विद्यार्थ्यांना उतारा न दाखवताच सोडवायला दिले गेले होते, आणि केवळ अंदाजाने जितकी उत्तरे बरोबर यावीत त्यापेक्षा त्यांची उत्तरे स्पष्टपणे जास्त बरोबर आली. आम्ही हीच कसोटी आमच्या प्रश्नांना लावली, तेव्हा पहिल्या संचातील बरेचसे प्रश्न गळाले. सर्वांत लांब पर्याय बहुधा बरोबर असायचा, टोकाचे शब्द असलेला पर्याय नेहमी चूक असायचा, आणि हे साचे मुलांनी आमच्या आधी ओळखले होते. आता प्रत्येक प्रश्न आधी अशा सहकाऱ्याकडे जातो ज्याने उतारा पाहिलेला नाही, आणि त्याला उत्तर सहज सापडले तर प्रश्न परत येतो.

सॅट संगणकावर गेली, अमेरिकेबाहेर 2023 मध्ये आणि अमेरिकेत 2024 मध्ये, तेव्हा आमच्या सॅटच्या साठ्यातील बहुतेक उतारे एका फटक्यात निरुपयोगी झाले. पूर्वी 500 ते 750 शब्दांच्या उताऱ्यावर दहा-अकरा प्रश्न असत. आता 25 ते 150 शब्दांच्या मजकुरावर एकच प्रश्न असतो, आणि 27 प्रश्नांच्या एका भागाला 32 मिनिटे, म्हणजे प्रत्येक प्रश्नाला सुमारे 71 सेकंद मिळतात. 2023 मध्येच टोफेल या इंग्रजीच्या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय परीक्षेनेही वाचनाचा विभाग दोन उतारे, 20 प्रश्न आणि 35 मिनिटे इतका आटोपशीर केला. ते वर्ष आम्हाला आर्थिकदृष्ट्या फार जड गेले, कारण जुने संच विकणे आम्हाला योग्य वाटेना आणि नवे तयार नव्हते. चुकांच्या वह्या मात्र तशाच उपयोगी राहिल्या. लहान उताऱ्यात तर एका ‘यट’ने किंवा ‘ओन्ली’ने सगळ्या उत्तराचे पारडे फिरते, आणि सावरून घ्यायला पुढचा परिच्छेद नसतो.

गुणांची हमी आम्ही देत नाही. आठवड्याला तीन उतारे आणि त्यांच्यावर त्याच्या दुप्पट वेळ चालणारी वही, ही पद्धत पहिल्यांदा ऐकणाऱ्याला अपुरी वाटते, आणि त्यामुळे कित्येक मुले पहिल्या भेटीनंतर परत आली नाहीत. जी थांबतात त्यांची पहिली वही आम्ही तीन आठवड्यांनी त्यांच्यासोबत बसून वाचतो, आणि एकाच प्रकारची चूक तीनदा आढळली तर पुढचे उतारे त्या चुकीवर बेतून निवडतो. सध्या आमचे तीन सहकारी या वह्यांमधील लहान शब्दांच्या चुका वेगळ्या काढत आहेत, आणि नव्या संचातील पहिले प्रश्न त्याच शब्दांवर लिहिले जात आहेत. त्यांतील ‘फ्यू’वरचा प्रश्न उतारा न पाहता सोडवणाऱ्या सहकाऱ्याकडून दोनदा परत आला असून, या आठवड्यात तो तिसऱ्यांदा लिहिला जात आहे.