चोक लावा, मूठ सोडा

सोलापूरला कसली आलीय थंडी, असं म्हणणाऱ्यांनी जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या दिवसांत पहाटे जुळे सोलापुरात रस्त्यावर येऊन उभं राहावं. नेमकं तेव्हाच मला पोरीला हुतात्मा एक्सप्रेसला सोडायचं असतं. गाडी १९९४ची यामाहा आरएक्स १००, जुनी मोटारसायकल. सेल्फबिल्फ काही नाही, किक मारायची.

समोरचे अण्णा गेटमधूनच ओरडतात, "अरे, जरा अ‍ॅक्सिलेटर दे की!"

"अण्णा, त्यानंच चालू होत नाही ओ."

त्यांना पटत नाही. अख्ख्या गल्लीला पटत नाही म्हणा. थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून सुरुवातीला जास्तीचं पेट्रोल लागतं. त्यासाठी या गाडीच्या कार्बोरेटरला, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाला, वेगळी बारीक वाट असते. चोकचा खटका लावला की ती उघडते. पण त्या वाटेनं पेट्रोल खेचायला इंजिनाची ओढ लागते, आणि अ‍ॅक्सिलेटरची मूठ पूर्ण बंद असेल तरच ती पुरेशी मिळते. मूठ पिळली की मोठी वाट उघडते, हवा भसकन आत शिरते, ओढ जाते. मग चोक असला काय, नसला काय!

म्हणून मी टाकीखालचा पेट्रोलचा कॉक उघडतो, चोक लावतो, चावी बंद ठेवूनच सावकाश दोन-चार किक मारतो. मग चावी चालू आणि एक सणसणीत किक. उजव्या हातानं हँडल नुसतं धरायचं.

मारून मारून पेट्रोलचा वास यायला लागला, तर मात्र ठिणगी पाडणारा प्लग पेट्रोलनं ओला झाला समजा. तेव्हा उलटं करायचं. कॉक बंद, चोक बंद, मूठ पूर्ण उघडी आणि किक. अण्णांचा सल्ला तेवढ्या वेळेला बरोबर असतो.

आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलंय. ते आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांतही होतं, त्यामुळं फार बोलता येत नाही. पण त्याची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा जास्त उष्णता लागते, आणि ते हवेतलं पाणीही धरतं. गाडी बरेच दिवस उभी असेल तर मी कार्बोरेटरच्या वाटीतलं जुनं पेट्रोल खालचा स्क्रू ढिला करून बाटलीत काढतो.

एवढं करून गाडी चालू झाली की विजापूर रोडला लागायच्या आत चोक बंद करायचा. विसरलात तर प्लग काळा पडतो, आणि येताना स्टेशनसमोर रिक्षावाल्यांच्या देखत किका मारत बसावं लागतं.