सील सापडलं, आता खरी परीक्षा नवतप्याची (मेअखेरच्या सर्वात तापत्या नऊ दिवसांची)

मंडळी, माझ्या स्प्रिंगवाल्या एअर रायफलच्या गोळीचा वेग उन्हाळ्यात का घसरतो, ते कोडं सुटलं! दोष स्प्रिंगचा नव्हताच.

मागच्या नोंदीतले आकडे आठवत असतील. ०.५४७ ग्रॅमचं पेलेट (एअर रायफलची छोटी गोळी) १८० मीटर प्रतिसेकंदाने जायचं, म्हणजे साधारण ८.९ जूल. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिमीच्या एअर रायफलला २० जूलपर्यंत परवाना लागत नाही. आपण त्याच्या खूप आत आहोत आणि तिथेच राहायचंय. एप्रिल सरता सरता हाच वेग १६५ वर आला. त्याहून वाईट म्हणजे एक गोळी १७२, तर पुढची १५८. २५ मीटरवर गोळ्यांच्या छिद्रांचा गट उभाच्या उभा लांबतो, मग नेम कितीही स्थिर असो.

सगळ्यांचं बोट स्प्रिंगकडे होतं. नवी टाकली, वेग जेमतेम दोन-तीनने वाढला. ब्रीचवर, म्हणजे पेलेट भरायच्या तोंडाशी, टिश्यूचा तुकडा ठेवून गोळी झाडली. कागद हललासुद्धा नाही, म्हणजे ब्रीच सील ठणठणीत. मग स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर लावून ती सावकाश सैल केली (हे काम हाताने कुणी करू नका, दाबलेली स्प्रिंग सुटली तर तोंड फुटतं) आणि पिस्टन, म्हणजे स्प्रिंगच्या जोरावर हवा दाबणारा दट्ट्या, बाहेर काढला.

उत्तर समोरच होतं. पिस्टनच्या टोकावरच्या पॉलियुरेथेन सीलचा ओठ (कड) एका बाजूने काळा, कडक, भाजून निघालेला. नागपूरच्या ४४-४५ अंशांत स्प्रिंगवरचं ग्रीस पातळ होतं, पिस्टनच्या कडेने सीलच्या पुढे सरकतं. पिस्टन सुटला की पुढची हवा दबून क्षणभर शेकडो अंश तापते आणि ते ग्रीस डिझेल इंजिनातल्या इंधनासारखं पेट घेतं. कधी पेटतं, कधी नाही. म्हणून वेग वरखाली. प्रत्येक वेळी ओठ थोडा जळतो, मग हवा निसटते. सील किती गोळ्या टिकतं याची चर्चा आपण नेहमी करतो, पण माझ्या मते उन्हाळ्यात प्रश्न गोळ्यांचा नाहीच, ग्रीसचा आहे.

पिस्टन ज्यात धावतो ती नळी पुसून कोरडी केली, नवं सील बसवलं, बाजूंना मॉलीचा (मॉलिब्डेनमच्या वंगणाचा) नखाएवढा पुसट थर, स्प्रिंगला अगदी नावापुरतं घट्ट ग्रीस. दुपारी तीनच्या उन्हात १७८, आणि फरक फक्त चारचा. धूर नाही, जळका वास नाही. फार समाधान वाटलं!

सुट्या सीलचा पुरवठा मात्र बेभरवशाचा. एकाच पाकिटातली दोन सीलं व्यासाला सारखी निघत नाहीत. घेताना व्हर्निअर सोबत ठेवाच. इतवारीत चामडं चांगलं मिळतं, पण चामड्याला तेल पाजावं लागतं आणि तेल म्हणजे पुन्हा तीच आग. म्हणून टेफ्लॉनचं सील कातून घ्यायला हिंगणा एमआयडीसीत गेलो. लेथवाला म्हणाला, “भाऊ, हे उन्हात फुगते, थोडं ढिलंच ठेवतो.” बरोबर बोलला. २५ मिमीचा टेफ्लॉनचा तुकडा डिसेंबरच्या १० अंशांपासून मेच्या ४५ पर्यंत सुमारे ०.१ मिमी वाढतो. उन्हाळ्याला बेतलं तर थंडीत गळणार, थंडीला बेतलं तर मेमध्ये अडकणार.

हे लिहिता लिहिताच सुचतंय: टेफ्लॉनचं डोकं मुद्दाम सैल ठेवायचं, खाच पाडून त्यात ओ-रिंग (रबराचं गोल कडं) बसवायची. फुगवटा ओ-रिंग सांभाळेल. म्हणजे पूर्ण टेफ्लॉनचा बेत रद्द, आता नवं रेखाचित्र. ओ-रिंग नायट्राइल रबराची घ्यावी की व्हिटॉन रबराची? उष्णतेला व्हिटॉन सरस, पण घर्षण कुणी मोजलंय का? २५ मिमी नळीवाल्यांनी खाचेची खोली नक्की कळवा, नवतप्याआधी कातून घ्यायचंय.